ओठ हलव, आवाज नको

सातवीत होतो. प्रजासत्ताक दिनाच्या समूहगीताची तालीम चालली होती. सर पेटीवरून उठले, आमच्या रांगेजवळ आले, कान लावून ऐकलं आणि माझ्यापाशी थांबले. "तू मागं जा. ओठ हलव, आवाज नको."

माझा आवाज तेव्हा फुटत होता. बारा-तेरा वर्षांच्या पोराचा फुटणारच. पण हे मला कुणी सांगितलं नाही, आणि बहुधा सरांनाही कुणी सांगितलं नव्हतं. मी इमानदारीत ओठ हलवले. आता माझं वय अठ्ठावीस आहे. लग्नात, वारीत, ऑफिसच्या पार्टीत, जिथं चार जण मिळून गातात तिथं मी अजूनही ओठच हलवतो.

माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलाचं याहून वाईट झालं. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचे. त्याची बोटं बाकावर कधी गप्प बसायची नाहीत. मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग त्याच्याभोवती जमायचा आणि तास सुरू झाला की त्याच बोटांवर पट्टी बसायची. "हे काय लग्नघर आहे का?" गॅदरिंगच्या दिवशी तो खुर्च्या लावत होता.

पुढे पुण्यात नोकरी लागली. शनिवार-रविवारी वेळ खायला उठतो म्हणून मी तबल्याचा क्लास लावला. काही आठवड्यांनी तिथल्या सरांनी केहरवा शिकवला, आठ मात्रांचा. वाजवता वाजवता माझा हात थांबला. हे मी ऐकलं होतं. मुक्ताईनगरच्या त्या बाकावर तो मुलगा हेच वाजवायचा, वर दोन-तीन अशा गमती घालायचा ज्या मला अजून जमत नाहीत. मी जे शिकायला दर महिन्याला फी भरत होतो, त्याच गोष्टीसाठी तो मार खात होता.

हा लेख त्या सरांविरुद्ध नाही. ते गणित शिकवायचे. घरी पेटी होती म्हणून संगीत त्यांच्या गळ्यात पडलं होतं. माझं भांडण आहे ते शाळेत संगीत कोण शिकवणार आणि त्या माणसाला आधी आपण काय शिकवणार, या प्रश्नाकडे वर्षानुवर्षं पाठ फिरवून बसलेल्या व्यवस्थेशी.

*

आधी आमचा वर्ग बघा. मुक्ताईनगर, जुनं नाव एदलाबाद. वर मध्य प्रदेश, खाली विदर्भ, मधून तापी आणि पूर्णा. घरी बहुतेक जण लेवा बोली बोलायचे, कुणी अहिराणीकडचे, कुणी गुजर, कुणी बंजारा, कुणी तडवी, कुणाच्या घरी उर्दू. पुस्तकातली मराठी ही आमच्यातल्या निम्म्याअधिक पोरांची दुसरी भाषा होती, काहींची तिसरी.

भाषा वेगळ्या, तशी गाणीही वेगळी. कुणाच्या घरी श्रावणात कानबाई बसायची आणि रात्रभर गाणी चालायची. मुली भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई मांडायच्या, कुणी तिला गुलाबाई म्हणायचं. आखाजीला झोके आणि गौराईची गाणी. बंजारा तांड्यावर होळीला लेंगी. मुस्लिम मित्राच्या घरी नात. बौद्धवाड्यात १४ एप्रिलला रात्रभर भीमगीतं. वारकऱ्यांच्या घरची पोरं तर पाचवीतच पखवाजाला हात लावायची. दर वर्षी मुक्ताबाईंची पालखी इथूनच पंढरपूरला निघते, महिनाभर चालते. आणि या सगळ्यांच्या वर डीजे. आज त्याच गावातल्या पोरांच्या मोबाइलवर अहिराणी गाणी आहेत. 'झुमका वाली पोर' हे गाणं पुण्या-मुंबईच्या लोकांनीही भाषा न कळता रीलवर वाजवलं.

म्हणजे चाळीस मुलांच्या एका वर्गात सात-आठ प्रकारचं संगीत रोज दप्तरासोबत येतं. आणि शाळेत परिपाठाला काय असतं? एक प्रार्थना, एक प्रतिज्ञा, एक समूहगीत. तेही ज्यांचा आवाज "चांगला" आहे त्या पाच मुलींनी माइकवर म्हणायचं. बाकीच्यांनी ओठ हलवायचे.

*

आता कायदा काय देतो ते बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला. त्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीच्या वर्गांत मुलांची संख्या शंभरच्या वर असेल तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक द्यावेत. हे वाक्य पुन्हा सावकाश वाचा. शंभरच्या वर. अर्धवेळ. आणि 'कला' म्हणजे चित्र, गाणं, नाच, नाटक सगळं मिळून एक. आमच्या तालुक्यातल्या एखाद्या छोट्या गावात सहावी ते आठवीत साठ मुलं असतील, तर त्या साठ मुलांना कागदावरही संगीताचा माणूस मिळत नाही. निकष लावणाऱ्याच्या लेखी शंभराच्या आतल्या मुलांना गळा नसतो.

मग उरतो वर्गशिक्षक. तो डी.एड. (आताचं डी.एल.एड.) करून, टीईटी देऊन आलेला. टीईटीत बालमानसशास्त्र असतं, भाषा असतात, गणित असतं, परिसर असतो. सूर-ताल नसतो. दरम्यान, चित्रकलेची अवस्था बघा. चित्रकला शिक्षकासाठी ए.टी.डी. नावाची सरकारी पदविका कित्येक वर्षांपासून आहे. मुलांसाठी एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा आहेत. चित्रकलेलाही आज शाळेत फार मान नाही, पण निदान 'चित्र काढणारा' आणि 'चित्र शिकवणारा' यांत फरक असतो एवढं व्यवस्थेला कधीतरी कळलं होतं. संगीतात ते कळूनही विसरलं गेलं.

कळून विसरलं गेलं, हे मी मुद्दाम म्हणतोय. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथं त्यांनी 'उपदेशक वर्ग' चालवला. संगीत शिकवणारी माणसं तयार करण्यासाठी वेगळा वर्ग! गावोगाव जाऊन शाळा काढतील, लोकांना शिकवतील असे शिक्षक त्यांना घडवायचे होते. त्याही आधी, १८८६ मध्ये, बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयानं मौलाबक्षांची संगीतशाळा सुरू झाली. सयाजीराव मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे, म्हणजे जवळजवळ आमच्याकडचेच. मौलाबक्षांनी स्वरलिपी बांधली, पाठ्यपुस्तकं लिहिली, कारण एका गुरूसमोर एक शिष्य आणि एका शिक्षकासमोर तीस मुलं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्यांना दिसत होतं.

या लोकांच्या प्रयत्नांतही उणिवा होत्या. 'सभ्य' संगीत घडवताना कितीतरी गाणाऱ्या बाया आणि वादक बाहेर राहिले. पण शिक्षक तयार करावा लागतो, तो आपोआप होत नाही, ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांना ठाऊक होती. आपण त्यांच्याकडून काय घेतलं? परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. या परीक्षा वाईट नाहीत, मी स्वतः त्यातली पहिली दिली आहे. पण त्यात तुम्ही परीक्षकासमोर एकटे बसून गाता किंवा वाजवता. राग किती आले, ताल किती आले, लिहिता किती आलं, हे तपासलं जातं. समोर चाळीस पोरं आहेत, त्यातल्या दोघांचे आवाज फुटतायत, एकीला ऐकू कमी येतं, एकाला मराठी समजत नाही आणि एक बाकावर ढोल वाजवतोय, अशा वेळी काय करायचं हे विशारद झालेल्याला कुणी विचारत नाही. गाता येणारा माणूस शिकवू शकेलच असं आपण गृहीत धरतो. क्रिकेटमध्ये हे गृहीतक चालत नाही, सॉफ्टवेअरमध्येही चालत नाही. आमच्या टीममधला सगळ्यात हुशार कोड लिहिणारा माणूस नव्या मुलांना शिकवायला बसला की ती मुलं आठवडाभरात टीम बदलून मागतात.

*

सॉफ्टवेअरचं नाव काढलंच आहे तर माझी स्वतःची चूकही सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी पैसे काढून तालुक्यातल्या एका शाळेला टॅब आणि मोठा ब्लूटूथ स्पीकर दिला. मी दोन रात्री जागून गाण्यांची यादी केली, इयत्तेप्रमाणे फोल्डर लावले, सोबत गाण्याचे शब्द. मनात म्हटलं, शिक्षक नाही तर नाही, काम झालं. सहा महिन्यांनी दिवाळीत गावी आलो तेव्हा हौसेनं शाळेत गेलो. परिपाठ सुरू झाला. स्पीकर गात होता आणि दीडशे मुलं ओठ हलवत होती.

माझ्या सरांनी एका मुलाला गप्प केलं होतं. मी दोन रात्रींत दीडशे मुलांना गप्प केलं.

तेवढ्यात स्पीकरची बॅटरी संपली. आमच्याकडे विजेचा भरवसा नाही, रात्री चार्ज झाला नसणार. अर्धं मिनिट शांतता, मग मागच्या रांगेत मुलींनी हळूच भुलाबाईचं गाणं सुरू केलं. पुढच्या रांगेनं उचललं. एक टाळी देऊ लागली, दुसरीनं त्यात दुप्पट टाळी घातली. माझ्या यादीतल्या एकाही गाण्याला तेवढा जोर आला नव्हता. आणि मॅडम काय म्हणाल्या? "ए, गप्प बसा! पाहुणे आलेत." पाहुणा म्हणजे मी. मॅडमला दोष देत नाही. गाणं म्हणजे जे स्पीकरमधून येतं ते आणि मुलींनी केला तो गोंधळ, एवढंच त्यांना आजवर कुणीतरी शिकवलेलं.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं, "आता शिक्षक कशाला, यूट्यूब आहे, एआय आहे", तेव्हा माझा अनुभव घ्या. यंत्र गाणं ऐकवू शकतं. मागच्या रांगेत कोण गातंय याकडे कान द्यायला वर्गात माणूस लागतो, आणि त्या माणसाचा कान तयार करावा लागतो.

*

दुसरा पळवाटेचा रस्ता म्हणजे गॅदरिंग. विविधता म्हटलं की शाळांना पहिली आठवते ती वेशभूषा. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब, तरी खानदेशातली एक गॅदरिंग दाखवा जिथं कोळीगीत झालं नाही. प्लॅस्टिकच्या टोपल्या, कागदाचे मासे. गंमत म्हणजे आमच्या तापीकाठीही कोळी समाज आहे. ही मुलं त्याच वर्गात बसतात. त्यांच्या घरात काय गातात हे विचारायला कुणी गेलं नाही. आदिवासी नृत्य म्हणून पोरांच्या कमरेला पानं बांधली जातात आणि नाच बसवला जातो सिनेमातल्या गाण्यावर. वर्गात खरोखर बसलेला तडवी मुलगा ते बघून काय समजत असेल?

वेशभूषेच्या खाली आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे जात. शाळेत अभंग म्हटला की ते संस्कार. भीमगीत म्हटलं की "शाळेत राजकारण नको." पेटी-तबला म्हणजे कला, हलगी आणि बँडचा ढोल म्हणजे लग्नघर. मला अभंग आवडतात, मुक्ताईच्या गावचा आहे मी. पण ज्या वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी रचून गावोगावच्या माणसांना उभं केलं, त्यांचं नाव शाळेतल्या संगीताच्या तासाला घेतलेलं मी तरी ऐकलं नाही. कुठलं गाणं वर्गात येऊ शकतं आणि कुठलं दाराबाहेर चपलांजवळ राहतं, हा निवाडा रोज होतो आणि तो करणाऱ्या शिक्षकाला आपण निवाडा करतोय हे कळतही नाही. प्रशिक्षणात शिकवायला हवी ती पहिली गोष्ट हीच.

बहिणाबाईंचं घ्या. आसोद्याची ही बाई, लिहिता-वाचता न येणारी, जात्यावर आणि शेतात गाणी रचणारी. १९५२ मध्ये ती पुस्तकात आली, २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव लागलं. आम्ही तिची कविता कशी शिकलो? भावार्थ लिहा, समानार्थी शब्द लिहा. लेवा बोली घरात बोलणाऱ्या पोरांनी तिचे शब्द पुस्तकी मराठीत 'सुधारून' वाचले. ती गायली गेली होती, आम्ही ती पाठ केली. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आज्या त्याच चालीवर ओव्या म्हणत होत्या आणि एकाही आजीला शाळेत बोलावणं गेलं नाही. तिकडे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तो खजिना आज इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतो. पण तो वर्गात कसा आणायचा हे कुठल्या डी.एड. कॉलेजात शिकवतात?

*

"हे सगळं बोलायला ठीक आहे, पण जगात कुठं होतं का?" होतं. हंगेरीत झोल्तान कोडाय नावाचा मोठा संगीतकार होता. मित्र बार्तोकसोबत तो खेडोपाडी फिरून लोकगीतं गोळा करायचा. शाळेतल्या मुलांचं गाणं ऐकून तो इतका अस्वस्थ झाला की पुढची कित्येक वर्षं त्यानं शाळेच्या संगीताला दिली. त्याचा आग्रह साधा होता: मुलाचं पहिलं संगीत त्याच्या स्वतःच्या बोलीतलं हवं, पहिलं वाद्य त्याचा स्वतःचा गळा हवा आणि शिक्षक उत्तम तयार झालेला हवा. आपल्याकडचा पेच त्याच्याहून अवघड आहे, कारण आमच्या एका बाकावर तीन बोली बसतात. पण म्हणून प्रश्न सोडून द्यायचा नसतो.

दुसरं उदाहरण स्कॉटलंडचं. एव्हलिन ग्लेनी लहानपणीच बहिरी होत गेली. तिच्या शाळेतल्या तालवाद्याच्या शिक्षकानं तिला सांगितलं, भिंतीवर हात ठेव. तो पलीकडे मोठा नगारा वाजवायचा आणि ती हातानं कंप ओळखायची. ती जगप्रसिद्ध तालवादक झाली. मुलगी बुद्धिमान होतीच. पण "हिला ऐकू येत नाही, हिला खुर्च्या लावायला द्या" असं तिचा शिक्षक म्हणाला नाही, हेही तितकंच खरं.

*

मग करायचं काय? माझ्या मागण्या मोठ्या नाहीत.

एक. डी.एल.एड. आणि बी.एड.मध्ये संगीत हा प्रत्यक्ष शिकवण्याचा विषय हवा. प्रत्येक भावी शिक्षकाला मैफल गाजवता यायला नको. त्याला वर्गासोबत गाता यावं, टाळीवर ताल धरता यावा, मुलांना झेपेल ती पट्टी निवडता यावी आणि फुटणाऱ्या आवाजाच्या मुलाला "थोडं खाली गा, हे तात्पुरतं आहे" एवढं सांगता यावं. या एका वाक्यानं माझी सोळा वर्षं वाचली असती.

दोन. शिकवण्याआधी ऐकण्याचा गृहपाठ. प्रशिक्षणार्थीनं ज्या गावात सराव पाठ घ्यायचे, तिथल्या दहा घरांत जाऊन गाणी ऐकावीत, मोबाइलवर परवानगीनं रेकॉर्ड करावीत, कुणाचं गाणं, कधी गातात, कोण गाऊ शकत नाही हे लिहावं. मगच वर्गात उभं राहावं.

तीन. गावातल्या वाजवणाऱ्यांना वर्गात पैसे देऊन आणा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात स्थानिक कलावंतांना शाळेत शिकवायला घ्यावं असं लिहिलंच आहे. शाळा व्यवस्थापन समित्यांनी ते वाक्य दाखवून निधी मागावा. बँडवाले काका आले की त्यांना खुर्ची द्यावी, चहा द्यावा, आणि मुलांनी त्यांना 'सर' म्हणावं.

चार. शंभराची अट काढा. साठ मुलांच्या शाळांना एकेक शिक्षक परवडत नसेल तर चार शाळांत मिळून एक द्या. पण त्याला पगार द्या, मानधनाच्या नावाखाली भीक नको.

आता कुणी म्हणेल, "शाळेत संडासाला पाणी नाही आणि तुम्हाला संगीत शिक्षक हवेत!" पाणीही हवं, संगीतही हवं. गरीब पोरांच्या ताटात एका वेळी एकच गोष्ट वाढायची, हा नियम कुणी केला? शहरातल्या शाळा फी घेताना पियानोचे फोटो छापतात. तिथं कुणी विचारत नाही की आधी पाणी की पियानो.

आणि कुणी म्हणेल, मी शास्त्रीय संगीताच्या विरोधात आहे. अजिबात नाही. मला भूप ऐकायला मिळावा तसा त्या ढोलवाल्याच्या पोरालाही मिळावा. फक्त भूपाकडे जाणारा रस्ता त्याच्या ढोलावरून जावा, त्याच्या बोटांवरून नको.

*

आमच्या गावाचं नावच एका शिक्षिकेचं आहे. परंपरा सांगते की चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र धाडलं ते कोरंच. मोठमोठे योगी ज्यांना मानत त्या चांगदेवांची गुरू झाली कोण, तर वयानं लहान असलेली मुक्ताई. चांगदेवांचं देऊळ आमच्याच तालुक्यात आहे, तापी-पूर्णेच्या संगमावर. आम्ही पोरं तिथं सहलीला जायचो. मला त्या गोष्टीतून एक समजतं: कोण शिकवणार आणि कोण शिकणार हे वयावरून, मानावरून ठरत नसतं. आपण मात्र मुलांना कोरा कागद समजतो आणि वर्गात शिरतो.

गेल्या उन्हाळ्यात तो मुलगा भेटला, बाकावर वाजवणारा. एरवी केळीच्या गाड्या भरतो, लगीनसराईत बँडमध्ये वाजवतो. "काय करू राह्यला भो पुण्यात?" त्यानं विचारलं. तबला शिकतोय म्हटल्यावर हसला. मग मी माझ्या डोक्यातली योजना सांगितली: शाळेत वाजवणाऱ्यांना बोलवायचं, मुलांना शिकवायचं. तू येशील का?

त्यानं थोडा विचार केला.

"बोलावलं त येऊ ना भो. पण खुर्च्या लावाले का वाजवाले?"